एकाच हाताची शपथ

शटर वर जाते तेव्हा आधी उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडते आणि सरकत सरकत माझ्या पायापर्यंत येते. झुंबर आत येतो, डबा खिळ्याला अडकवतो, अंगातला धुतलेला शर्ट काढून तेलाच्या डागांचा निळा शर्ट घालतो. झारी घेऊन माझ्या प्रत्येक छिद्रात तेलाचे थेंब सोडतो. मग सुती वेस्टचा, म्हणजे टाकाऊ सुताच्या गुंत्याचा, गोळा करून माझ्या बेडचे दोन्ही लोखंडी रूळ पुसतो, डावीकडून उजवीकडे, उलट कधीच नाही. शेवटी माझ्या हेडस्टॉकवर, म्हणजे तुम्ही ज्याला माझे मस्तक म्हणाल तिथे, उजवा हात ठेवतो आणि तोच हात कपाळाला लावतो. बटण दाबल्यावर तो लगेच काम चढवत नाही. माझा रिकामा फिरण्याचा आवाज थोडा वेळ मान तिरकी करून ऐकतो. समाधान झाले की चकमध्ये, म्हणजे माझ्या फिरत्या जबड्यात, लोखंडी गज धरतो आणि आमचा दिवस सुरू होतो.

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात उभा आहे. गज माझ्यात गरागरा फिरतो, टोकदार हत्यार त्याला कापत जाते आणि मोटारींना लागणाऱ्या पिना तयार होतात. तुमच्या शाळेच्या बसमध्येही एखादी पिन माझ्याकडची असेल. स्वतःची गोष्ट सांगणारी जुनी यंत्रे बहुधा दुःखी असतात. अडगळीत पडलेली, गंजलेली, कुणीतरी आठवण काढावी म्हणून वाट पाहणारी. माझ्यावर एक कणही गंज नाही. मी रागावलेला आहे, आणि का रागावलो आहे तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म राजकोटचा. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून माझा बेड घडवला गेला. लगेच त्याला कुणी हात लावला नाही. अंगणात, ऊनपावसात, तो कितीतरी महिने नुसता पडून होता, कारण ताज्या ओतीव लोखंडात ताण असतो आणि तो हळूहळूच निवतो. घाई केली तर यंत्र पुढे वाकडे होते. लोखंडाच्या बाबतीत माणसे इतकी समजूतदार असतात. नंतर एका वृद्ध कारागिराने हाताने खरवडून माझे रूळ सपाट केले, आणि ट्रकमध्ये ताडपत्रीखाली मी नाशिकला आलो.

मला विकत घेतले ते अण्णांनी. ते स्वतः आधी दुसऱ्यांच्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर, होते. मालक झाल्यावरही त्यांच्या नखांत काळे तेल असायचे आणि माझा गिअर वाजला की ते केबिनमधून उठून यायचे. इगतपुरीकडच्या भातशेतीतून कामाच्या शोधात आलेल्या झुंबरला माझ्यासमोर उभे करून काम शिकवले तेही त्यांनीच. हत्याराला धार लावताना ठिणग्यांचा रंग कसा पाहायचा आणि बोटाच्या नखाने पिनेचा खडबडीतपणा कसा ओळखायचा, हे झुंबर त्यांच्याकडूनच शिकला.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळी यंत्रे बंद ठेवून पुसली जात. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ हे सगळीकडेच असते. आमच्याकडे त्यानंतर आणखी एक गोष्ट व्हायची. अण्णा प्रत्येक यंत्रापाशी येत आणि हेडस्टॉकवर आधी स्वतःचा हात ठेवत. शेजारी त्या यंत्राचा कारागीर आपला हात ठेवी. मग अण्णा पुढच्या वर्षीची पगारवाढ तोंडाने सांगत. कागद नसे, सही नसे. कारागिराला पटले तर तो मान डोलवी. नाही पटले तर तसे म्हणे, आणि दोघांचे हात तिथेच ठेवून बोलणे चाले. ठरले की अण्णा हात उचलत. ठरण्याआधी त्यांनी तो उचललेला मी पाहिला नाही. अण्णा देवमाणूस नव्हते. कमी द्यायचे, घासाघीस करायचे, बाजार मंद आहे म्हणून सुस्कारे सोडायचे. पण माझ्यावर हात ठेवून बोललेला शब्द त्यांनी मोडला नाही, आणि म्हणून कामगारांच्या मनात त्या हाताला मोठे वजन आले. यंत्रावर हात ठेवून दिलेला शब्द मोडला तर यंत्र हात घेते, असे ते एकमेकांना सांगू लागले. मी ऐकत होतो. मला कुणी विचारले नाही.

अण्णांनंतर त्यांचे चिरंजीव ललित मालक झाले. पुण्याहून इंजिनीअर होऊन आलेले. वागायला गोड, झुंबरला ‘झुंबरकाका’ म्हणणारे. माझी त्यांनी फार काळजी घेतली. भिंतीवर माझ्या देखभालीचा तक्ता लागला. बेअरिंग जरा कुरकुरले की मेकॅनिक धावत येऊ लागला. तेल चांगल्या प्रतीचे आले. खंडेनवमीची पूजाही पूर्वीपेक्षा थाटाने होऊ लागली. फक्त यंत्रापाशी येऊन बोलणे बंद झाले. साहेब दारातूनच नमस्कार करत आणि “पुढच्या वर्षी बघू” असे सगळ्यांना मिळून एकदाच सांगत. मग पेढे वाटले जात.

आणि झुंबर? ज्याने ठिणग्यांच्या रंगावरून धार ओळखावी, त्याच्या पगारपत्रकावर हुद्दा लिहिला होता ‘हेल्पर’. आमच्या इथे सगळेच हेल्पर होते. कुशल कामगार म्हटले की मजुरी वेगळी द्यावी लागते; हेल्पर म्हटले की भागते. माझ्या अंगावर पितळी पाटी आहे. तिच्यावर माझी क्षमता, माझा वेग, माझे वजन सगळे खरे खरे कोरलेले आहे, कारण यंत्राविषयी खोटे लिहिले तर यंत्र मोडते. माणसाविषयी खोटे लिहिले तर मोडतो तो माणूस, आणि तो घरी जाऊन मोडतो. त्याचा आवाज कारखान्यात येत नाही.

खोटे पहिल्यांदा मोठ्याने वाचले ते जीवनने. जीवन आयटीआय शिकलेला, पलीकडच्या लेथवर काम करणारा तरुण. जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांची पत्रके एका ओळीत मांडली आणि म्हणाला, हा कारखाना कमालच आहे, इथे नुसते मदतनीसच आहेत, ज्याला मदत करायची तो कुणी नाहीच. सगळे हसले. मग हसणे थांबले. त्या आठवड्यात त्यांनी मिळून मागणी लिहिली: ज्याचे जे काम आहे त्याप्रमाणे हुद्दा आणि वाजवी मजुरी. साहेबांनी ती वाचून ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढे प्रकरण कामगार खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड करून पाहिली. साहेब बधले नाहीत. तेव्हा जीवनने सांगितले की आता एकच मार्ग उरला आहे, न्यायाधिकरण.

हा शब्द कुसाबाईने लगेच उचलला. कुसाबाई हरसूलच्या डोंगरातली. माझ्या शेजारच्या बाकावर बसून ती पिनांच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत करते. तिच्या हातून न गेलेली पिन मोटारीत बसत नाही आणि बसली तर निघत नाही. ती म्हणाली, “ते काय असतं, नीट सांग. आम्हांला पुढं जाऊन तोंड उघडायचंय.”

“सरकार आपल्या आणि साहेबांच्या मध्ये एक न्यायपीठ बसवतं, मावशी,” जीवन म्हणाला. “ते दोघांचं ऐकतं. कोण काय काम करतं ते बघतं, घर चालवायला काय लागतं ते बघतं, कारखान्याला काय झेपतं तेही बघतं. आणि मग वाजवी मजुरी ठरवतं. ती दोघांना पाळावी लागते.”

“म्हणजे पंचच की. फक्त कुणाच्या घरी न जेवणारे.”

“तसंच समजा.”

मात्र एक अट होती. न्यायाधिकरण आपोआप बसत नाही. मागणी खरोखर कामगारांची आहे, दोघातिघांची उठाठेव नाही, अशी खात्री झाली तरच अधिकारी तसा अहवाल सरकारकडे पाठवणार होते. साहेब त्यांना पुन्हा पुन्हा हेच सांगत होते की माझी माणसे सुखी आहेत, एक पोरगा त्यांना भडकवतो. म्हणून सारे काही सर्वांत जुन्या कामगारावर, झुंबरवर, येऊन ठेपले. तो पुढे झाला तर बाकीचे जाणार होते. तो मागे राहिला तर जीवन एकटा पडणार होता, आणि एकट्या पडलेल्या तरुणाचे कारखान्यात काय होते हे मी पूर्वी पाहिले आहे.

मध्ये खंडेनवमी आली.

त्या दिवशी साहेब दारात थांबले नाहीत. बऱ्याच वर्षांनी मालक थेट यंत्रापाशी आले, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर मी एक आशा पाहिली. त्यांना वाटले, जुनी रीत परत आली. झुंबरने तर घाईघाईने हात पुसले. साहेब माझ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या एका हातात पेढ्यांचा खोका होता आणि दुसऱ्या हातात मोबाइल. चित्रण सुरू करून मोबाइल त्यांनी झुंबरच्या तोंडासमोर धरला.

“झुंबरकाका, हे यंत्र म्हणजे आपली लक्ष्मी,” ते म्हणाले. “हिच्यावर हात ठेवून सांगा, घरातलं भांडण बाहेर नेणार नाही.”

झुंबरने हात ठेवला. तो ठेवण्यासाठीच पुसलेला होता. शेजारी दुसरा हात येईल म्हणून त्याने जागाही सोडली होती. माझ्या मस्तकावर डाव्या कडेला, अगदी अंग चोरून, त्याचा पंजा टेकला होता. उजवीकडची जागा रिकामीच राहिली. त्याने साहेबांकडे पाहिले, मोबाइलकडे पाहिले आणि खाली मान घालून म्हणाला, “नेणार नाय.”

त्याच्यामागून एकेकाने आपापल्या यंत्रावर हात ठेवून तेच म्हटले. जीवनने हात पाठीमागे बांधले. तो शांतपणे म्हणाला की माझीही श्रद्धा आहे, पण यंत्राला मध्ये घालू नका. साहेबांनी हसून विचारले, आयटीआयला हेच शिकवतात का. शेवटी पेढे वाटताना ते कुसाबाईच्या बाकापाशी आले.

“मला नाय विचारलं?” ती म्हणाली.

“मावशी, तुमच्याकडं मशीन कुठाय?”

लोक हसले. कुसाबाईही हसली. “खरं हाय,” ती म्हणाली, “आणि कानशीची शपथ सायबाला पुरायची नाय.” तिने पेढा घेतला आणि न खाता कागदात गुंडाळून ठेवला.

मित्रांनो, माझा राग इथे सुरू होतो. माझ्या गळ्यात माळ घातली, कपाळाला कुंकू लावले, लक्ष्मी म्हटले, आणि त्याच घटकेला माझा धाक करून माणसांच्या मानेवर ठेवला. मला पूजले ते माझ्यासाठी नव्हते. माझ्या आडून माणसाचे तोंड बंद करता यावे म्हणून होते. मी लोखंड आहे. मी कुणाचे हात घेत नाही. हात जातात ते झाकणे काढून ठेवल्याने, थकलेल्या माणसाला दुसरी पाळी करायला लावल्याने, बोथट हत्याराने. हे सांगायला मला तोंड नाही, आणि साहेबांनी नेमका त्याचाच फायदा घेतला.

सण संपून कारखाना सुरू झाला तेव्हा माझ्यात बसवलेली टिप, म्हणजे गज कापणारे टोक, बोथट झालेली होती. झुंबरने स्टोअरमध्ये नवी मागितली. अजून चालवा, असे उत्तर आले. टिपेची काटकसर आमच्याकडे नेहमीच होते. बोथट टिपेने माझे काही बिघडत नाही, म्हणून देखभालीच्या तक्त्यात तिला जागा नाही. टिप बोथट असली की कापल्या जाणाऱ्या लोखंडाची साल तुटून पडत नाही. लांबच लांब फितीसारखी गुंडाळत येते, आणि ती ब्लेडइतकी धारदार असते. हे झुंबरला कुणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही ती फीत उसळून त्याच्या अंगठ्यावर आली, रक्ताची धार माझ्या बेडवर पडली, आणि त्याने पहिल्यांदा वर पाहिले ते माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे.

सगळ्यांनी पाहिले. त्या दिवसापासून ते माझ्या बाजूने जाताना जरा लांबून जाऊ लागले.

दरम्यान साहेबांनी मोबाइलमधले ते चित्रण कामगार खात्याच्या कार्यालयात दाखवले. जीवनने येऊन सांगितले की अधिकाऱ्यांनी ते पूर्ण पाहिले आणि म्हणाले, मला चित्रण नको, माणसे हवीत; ज्यांना बोलायचे आहे त्यांनी अमुक दिवशी दुपारी स्वतः यावे. त्यानंतर ते आपला अहवाल लिहिणार होते. जीवन एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. सगळे झुंबरकडे पाहत होते. झुंबर पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहत होता.

दोन दिवसांनी लाईट गेली. यंत्रे थांबली, आणि पंखेही थांबल्याने बहुतेक जण बाहेर करंजाच्या सावलीत जाऊन बसले. झुंबर माझ्यापाशीच राहिला. कुसाबाईला लाईट लागत नाही. तिची कानस चालूच होती.

“अंगठा कसा हाय, झुंबरदादा?”

“बरा होईल. थोडक्यात वाचलो म्हणायचं. नुसतं मनात आलं होतं, जावं का त्या हापिसात, तर मशीननं लगेच दाखवलं.”

कानस थांबली. “टिप बदलली व्हती?”

“नाय. स्टोअरनं दिली नाय.”

“बोथट टिपेनं साल लांब निघती का आखूड?”

“लांब.” त्याने माझ्यातल्या टिपेकडे पाहिले. “लांबच निघते.”

“मग दाखवलं कुणी, मशीननं का स्टोअरनं?”

झुंबरने अंगठ्यावरची पट्टी चाचपली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “पण हात तर ठेवला ना मी, कुसाबाई. शब्द गेला.”

“तुमी ठेवला. सायबानं ठेवला का?”

झुंबरने नकारार्थी मान हलवली.

“आमच्या गावात बांधाचा तंटा मिटला का दोघं पण एकाच दगडावर हात ठेवतात,” कुसाबाई म्हणाली. “दोघांचे हात एकदमच उचलायचे. एकट्याचाच ठेवून घेतला तर ती शपथ नाय, दादा. ती धमकी. दगडाला पण कळतं.”

“अण्णा आधी ठेवायचे,” झुंबर म्हणाला. “आपल्या आधी.”

“तेच म्हणते मी.” आणि तिची कानस पुन्हा सुरू झाली.

झुंबर उठला. माझ्या मस्तकावर जिथे त्या दिवशी जागा सोडली होती, त्या उजव्या बाजूला त्याने बोटे फिरवली. तिथे नुसती धूळ होती. मग लाईट आली.

अशा गोष्टीच्या शेवटी यंत्राने विनंती करायची असते, की माझी निगा राखा. माझी निगा सगळ्यांनी राखली, मित्रांनो. माझे तेल कधी चुकले नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणी माझ्यासमोर उभे राहील आणि कुणी मालकाच्या खुर्चीत बसेल. खंडेनवमीला आम्हाला माळा जरूर घाला. पण माळ घालताना पाहा, यंत्रावर कुणाचा हात आहे आणि कुणाचा नाही. ज्याला मजुरी ठरवायची आहे त्याने आपलाही हात तिथे ठेवावा; तो ठेवायचा नसेल तर दोघांचे ऐकणारा तिसरा कुणीतरी मध्ये बसू द्यावा. आणि आमच्या नावाने कुणाला भीती घालू नका. आम्ही त्यासाठी घडलेलो नाही.

आता फक्त अधिकाऱ्यांनी बोलावलेला तो दिवस सांगतो.

सकाळी शटर वर गेले, पट्टी माझ्या पायापर्यंत आली. झुंबरने डबा अडकवला, शर्ट बदलला, तेल सोडले, रूळ पुसले. मग त्याने वेस्टचा नवा गोळा घेतला, रॉकेलमध्ये बुडवला आणि माझ्या मस्तकावरचे कुंकू पुसून काढले. आमच्याकडे हे कुणी करत नाही. ते तेलाने आणि हाताने आपोआप झिजू देतात. सुकलेली माळ काढून त्याने कागदावर ठेवली. सगळे आपापल्या जागेवरून पाहत होते. त्याने हात माझ्यावर ठेवला, कपाळाला लावला आणि बटण दाबले. नेहमीप्रमाणे मान तिरकी करून आवाज ऐकला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने रोजच्यासारखे काम केले. चढवलेली शेवटची पिन पुरी केली, नखाने तपासली, कुसाबाईच्या ट्रेमध्ये ठेवली. मला बंद केले. चकची किल्ली काढून तिच्या जागी लावली. निळा शर्ट काढून घडी केला, धुतलेला घातला. अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद केबिनच्या काचेतून आत सरकवला आणि दाराकडे चालू लागला. कुसाबाईने कानस ड्रॉवरमध्ये टाकली आणि पदराला हात पुसत त्याच्या मागून गेली. त्यांच्यामागून जीवनचा लेथ थांबला. मग कोपऱ्यातले ड्रिल. मग एकेक करून बाकीची यंत्रे थांबली. कुणी घोषणा दिली नाही, कुणी मागे पाहिले नाही. बाहेर मोटारसायकली सुरू झाल्या आणि त्यांचा आवाज रस्त्याला लागला.

साहेब केबिनमधून बाहेर आले. इतकी शांतता त्यांनी चालू दिवशी कधी ऐकली नसावी. ते माझ्यापाशी आले, हातातला मोबाइल त्यांनी खिशात टाकला आणि मी कधी बंद झालो हे पाहायला माझ्या मस्तकावर हात ठेवला. उजवीकडे ठेवला.

ऊब अजून होती. शेजारी कुणाचा हात नव्हता.